नव्या पिकअपचं स्टेअरिंग ढिलं वाटतंय? स्क्रूला हात लावायच्या आधी एवढं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी नवी कोरी, जेमतेम २,२०० किलोमीटर झालेत, गावात फिरताना काही जाणवत नाही पण ८० च्या वर गेलं की स्टेअरिंग मधोमध मेल्यासारखं वाटतं, गाडी कधी डावीकडे सरकते कधी उजवीकडे, सारखं थोडं थोडं सावरत बसावं लागतं, तासाभरात खांदे भरून येतात. दोनदा वर्कशॉपला दाखवली, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून दिलं, मशीनची प्रिंट सगळी हिरवी, आणि वर ऐकवलं की पिकअप आहे, असंच असतं. आता एकजण सांगतोय स्टेअरिंग बॉक्सचा, म्हणजे स्टेअरिंगचा फेरा चाकांपर्यंत पोचवणाऱ्या गिअरच्या डब्याचा, स्क्रू अर्धा फेरा आवळ आणि दुसरा सांगतोय जाड डॅम्पर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा दांडा) टाक. यातलं काय करू?

आत्ता दोन्ही नको. स्क्रूला तर अजिबात हात लावू नका, का ते पुढे सांगतो. मी पंचवीसेक वर्षं गाड्यांच्या पुढच्या एक्सलखालीच पडून काढलीत, आणि नव्या गाडीत बॉक्सच मुळात खराब निघाला असं फार कमी वेळा बघितलंय. बहुतेक वेळा कारण टायरच्या हवेत, चाकांच्या अँगलमध्ये नाहीतर कुणीतरी अर्धवट केलेल्या कामात असतं.

पहिली गोष्ट, "ढिलं" आणि "भटकते" हे दोन शब्द आपण एकाच दमात बोलतो पण तक्रारी दोन आहेत. ढिलं म्हणजे तुम्ही स्टेअरिंग हलवलं आणि चाक हललंच नाही, मध्ये कुठेतरी खेळ आहे. भटकते म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही तरी गाडी आपली आपली लाइन सोडते. खेळ अजिबात नसलेली गाडी सुद्धा झक्कास भटकू शकते, आणि थोडा खेळ असलेली गाडी बाणासारखी सरळ जाऊ शकते. तिसरा प्रकार ओढण्याचा, म्हणजे कायम एकाच बाजूला जाते, तो वेगळाच विषय. आणि चौथा, खड्ड्यावरून गेलं की अख्खं पुढचं धूड थडाथडा हलायला लागतं आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते बंद होत नाही, तसं काही होत असेल तर हे वाचणं सोडा आणि गाडी आधी जॅकवर घ्या, कारण ते बऱ्याचदा सैल ट्रॅक बार (एक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) किंवा जॉइंटमुळे होतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची भटकण्याची केस वाटते, ढिलेपणा त्यात मिसळलाय का ते बघायचंय.

ते घरीच बघता येतं. गाडी सपाट जागेवर, चाकं सरळ, इंजिन चालू. इंजिन चालूच पाहिजे हं, कारण हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगच्या व्हॉल्व्हमध्ये एक बारीक टॉर्शन बार असतो, इंजिन बंद असताना स्टेअरिंग हलवलं की तो पीळ खातो आणि तुम्हाला वाटतं केवढा हा खेळ, प्रत्यक्षात तो खेळ नसतोच. स्टेअरिंगच्या रिमवर वरच्या बाजूला मास्किंग टेपचा तुकडा लावा, त्यासमोर डॅशबोर्डवर एक. आता एकाला पुढच्या चाकाजवळ खाली बसवा, त्याने बोट टायरच्या कडेला टेकवून ठेवायचं, आणि तुम्ही दोन बोटांनी स्टेअरिंग हळूहळू डावीकडे न्या. त्याला टायर हलल्याचं कळलं की त्याने ओरडायचं, तुम्ही खूण करायची, मग तसंच उजवीकडे. दोन खुणांमधलं अंतर पट्टीने मोजा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये कमाल ३० मिलिमीटर लिहिलेलं असतं. ३८ सेंटिमीटरच्या स्टेअरिंगवर ते साधारण ९ अंश होतात, म्हणजे डोळ्याला बरंच दिसतं. नव्या गाडीत मला त्याच्या निम्म्याच्या आत अपेक्षित असतं. ३० च्या पुढे गेलं तर वर्कशॉपवाल्याचं "असंच असतं" खपवून घेऊ नका, आणि आकडा लिहून ठेवा, नुसतं "ढिलं वाटतं" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी विचारत नाही, "३८ मिलिमीटर खेळ आहे" म्हणणाऱ्याला विचारावं लागतं.

आता हवा. हसू नका. नव्या गाड्या कंपनीतून निघताना टायरमध्ये मुद्दाम जास्त हवा भरून पाठवतात, कारण गाड्या आठवडेच्या आठवडे यार्डात एकाच जागी उभ्या राहतात आणि कमी हवेत टायर खाली चपटा बसतो. डिलिव्हरीच्या आधी ती उतरवायची असते. ते काम ज्याच्यावर असतं त्याच्याकडे त्या दिवशी आणखी दहा गाड्या असतात, त्यामुळे ते राहून जातं. तसंच काही गाड्यांच्या स्प्रिंगमध्ये वाहतुकीसाठी ठोकळे घातलेले असतात, तेही राहिलेले मी बघितलेत, त्यामुळे वाकून एकदा बघाच. आणि पिकअपचं आणखी एक असतं, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पुढच्या-मागच्या टायरचे आकडे बऱ्याचदा वेगळे असतात, रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांचेही वेगळे असतात, आणि हवा भरणारा पोरगा चारही चाकांत एकच आकडा मारून मोकळा होतो. पुढे ३२ पीएसआय पाहिजे तिथे ४५ आहेत असं सहज निघतं. फुगलेला टायर रस्त्याला मधल्या पट्टीवरच टेकतो, रस्त्यावरची प्रत्येक रेघ, प्रत्येक उंचवटा त्याला ढकलतो. उलट बाजूने, मागच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर मागचा भाग डुलतो आणि तुम्हाला वाटतं स्टेअरिंगच खराब, म्हणजे आजार शेपटीला आणि औषध डोक्याला. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, भरायचा नाही, हे किती वेळा सांगितलं तरी लोक तोच भरतात. गाडी किमान तीन तास उभी असताना सकाळी मोजा, स्वतःच्या गेजने मोजा, आणि स्टिकरप्रमाणे करून ५० किलोमीटर चालवा. तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की साधारण १ पीएसआयचा फरक पडतो, त्यामुळे भर उन्हात तापलेल्या टायरवर मोजून समाधान मानू नका.

टायर नवा आहे हेही एक कारण असतं, आणि ते मात्र आपोआप जातं. नव्या टायरचे गट्टू पूर्ण उंचीचे असतात, उंच रबर आडवं लवतं, म्हणून स्टेअरिंग वळवलं आणि गाडी वळली यात किंचित उशीर जाणवतो. खडबडीत नक्षीच्या ऑल टेरेन टायरमध्ये हे जास्त. थोडी झीज झाली की फरक कळतो. पण २,२०० किलोमीटरनंतरही खांदे भरून येण्याइतका त्रास नुसत्या नव्या टायरने होईल असं मला वाटत नाही, तेव्हा कुणी "टायर सेट होऊ द्या" म्हणून तुम्हाला सहा महिने फिरवत असेल तर फिरू नका.

आता मुख्य जेवण, अलाइनमेंट. प्रिंट हिरवी आली म्हणजे गाडी सरळ जाईल असं कुठेही लिहिलेलं नाही. हिरवं म्हणजे आकडा मर्यादेच्या आत आहे एवढंच. समजा कास्टरचं माप ३ अंश आणि सूट अधिक-उणे १, तर २.१ पण हिरवा आणि ३.९ पण हिरवा, आणि या दोन गाड्या हायवेवर चालवून बघितल्या तर तुम्ही म्हणाल दोन वेगळ्या कंपन्यांच्या आहेत. कास्टर म्हणजे काय, तर सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे झुकलेला असतो तसं चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेष मागे किती झुकलीय ते. हा झुकाव जितका, तितकं चाक स्वतःहून सरळ यायला बघतं. तो कमी पडला की स्टेअरिंग हलकं वाटतं, मधोमध मेलेलं वाटतं, वळणानंतर परत येत नाही, आणि गाडी सोडली तिकडे जाते. तुमचं वर्णन वाचून माझा पहिला संशय इथेच आहे.

आणि पिकअपमध्ये कास्टर खायचे मार्ग पण खूप. रिकाम्या पिकअपचं ढुंगण वर असतं हे तुम्ही बघितलंच असेल, मालाने बसल्यावर समपातळीत यावी म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. आता कुणी माल जास्त भरता यावा म्हणून मागे स्प्रिंगचा एक पाटा वाढवून घेतला किंवा ठोकळे टाकले, तर मागची बाजू आणखी उचलली जाते, पूर्ण गाडी पुढे झुकते आणि कास्टर तेवढाच कमी होतो. हिशेब सोपा आहे, दोन एक्सलमधलं अंतर ३ मीटर असेल आणि मागे ५ सेंटिमीटर उचललं तर जवळजवळ १ अंश कास्टर गेला. ३ चे २ झाले! डिलिव्हरीच्या वेळीच असलं काही बसवून घेतलं असेल तर आठवून बघा. पुढचा भाग उचलायचा किट टाकला असेल तर अजून वेगळे घोळ, ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) आणि ट्रॅक बार एकमेकांना समांतर राहिले नाहीत की प्रत्येक खड्ड्यात गाडी आपोआप स्टेअर होते, हात स्थिर असले तरी.

भरलेल्या गाडीचं उलटं असतं, आणि इथे भले भले गोंधळतात. मागे माल भरला की मागची बाजू बसते, कास्टर उलट वाढतो, मग गाडी छान सरळ जायला हवी, पण जात नाही. कारण माल मागच्या एक्सलच्याही मागे टाकला असेल तर तो तरफेसारखा पुढचं वजन उचलतो, पुढच्या टायरवर भारच कमी राहतो, मग कास्टर कितीही असला तरी टायर रस्ता धरणार कसा. म्हणून तक्रार रिकाम्या गाडीत आहे की भरलेल्या हे मला सगळ्यात आधी कळायला हवं आणि तुम्ही नेमकं तेच लिहिलेलं नाहीये. फक्त भरल्यावर होत असेल तर जड वस्तू हौद्यात पुढे, केबिनला चिकटून ठेवून बघा, अलाइनमेंटच्या नादी लागायच्या आधी.

टो बद्दल थोडं. पुढची दोन्ही चाकं वरून बघितली तर पुढच्या टोकाला किंचित आत वळलेली हवीत. किंचित म्हणजे किती, तर ७५ सेंटिमीटरच्या टायरवर एकूण ०.२ अंश म्हणजे फक्त अडीच मिलिमीटरच्या आसपास. मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत चालताना रस्त्याचा विरोध पुढची चाकं मागे ढकलतो, सांध्यातले रबरी बुश लवतात आणि चाकं बाहेरच्या बाजूला उघडतात, म्हणून उभ्या गाडीत थोडा टो आत ठेवायचा. तो शून्यावर किंवा बाहेर असेल तर काय होतं बघा: उजवीकडून वाऱ्याचा झोत आला, गाडी डावीकडे झुकली, डाव्या चाकावर भार वाढला. ते चाक आत बघत असेल तर गाडीला परत उजवीकडे आणतं. बाहेर बघत असेल तर ते गाडीला आणखी डावीकडे घेऊन जातं, मग तुम्ही सावरता, मग दुसरं चाक तेच करतं, आणि दिवसभर हाच खेळ. त्यामुळे टो हिरव्यात पण बाहेरच्या काठावर असेल तर तो आत घ्यायला सांगा, मर्यादेच्या आत राहूनच.

अलाइनमेंट परत करायला जाल तेव्हा स्वतः उभे राहा. हवा आधी बरोबर करून, हौद्यातलं सामान काढून, किंवा तुम्ही कायम अवजारांची पेटी घेऊन फिरत असाल तर ती ठेवूनच. मुख्य म्हणजे बघा की मशीनवाला कास्टरचं माप घेतोय का. त्यासाठी पुढची चाकं फिरत्या प्लेटवर ठेवून स्टेअरिंग ठरावीक अंशांपर्यंत डावीकडे आणि मग उजवीकडे फिरवावं लागतं. ज्याला घाई असते तो हे टाळतो, टो मारतो, स्टेअरिंग सरळ दिसलं की प्रिंट काढतो. प्रिंट आधीची आणि नंतरची दोन्ही मागा, आणि त्यात डाव्या-उजव्या कास्टरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नाही ना ते बघा, फरक असला तर गाडी कमी कास्टरच्या बाजूला ओढते. मागच्या एक्सलचा थ्रस्ट अँगलही बघा, म्हणजे तो एक्सल गाडीच्या मधल्या रेषेला किती तिरका आहे ते. मागे पाटे असतील तर एक्सल यू बोल्टने धरलेला असतो, नवीन गाडीत पाटे बसतात आणि यू बोल्ट थोडे सैल होतात, म्हणूनच पहिल्या सर्व्हिसला ते टॉर्कने परत आवळायचं काम असतं. ते झालं का विचारा. एक्सल एका बाजूने जरासा मागे सरकला तरी गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालते.

आता तो बॉक्सचा स्क्रू. आधी बघा की तुमच्या गाडीत बॉक्स आहे का रॅक (डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारी दातेरी पट्टी) आहे, कारण ज्यांच्याकडे रॅक आहे त्यांनाही लोक बॉक्सचा स्क्रू आवळायला सांगतात! बॉक्स असेल तर एक गोष्ट समजून घ्या. आतला सेक्टर शाफ्ट (चाकांकडचा लिव्हर फिरवणारा दातांचा दांडा) मुद्दाम असा बनवलेला असतो की मधोमध, सरळ चालताना, दात सगळ्यात घट्ट बसतात, आणि दोन्ही बाजूंना वळवलं की थोडा सैलपणा येतो. हे बरोबरच आहे, कारण वळणात भार एकाच बाजूला असतो आणि खेळ जाणवत नाही. स्क्रू आवळला की हा मधला घट्टपणा आणखी वाढतो. जास्त झाला की स्टेअरिंग मधोमध अडकतं, स्वतःहून परत येत नाही, तुम्ही जिथे सोडाल तिथे राहतं, आणि गाडी आधीपेक्षा जास्त भटकते. वर आतले दात आणि बेअरिंग खराब होतात आणि वॉरंटीवाल्याला स्क्रूवरचा पान्याचा ओरखडा दिसला की तुमची केस तिथेच संपली.

एक केस सांगतो. ६,००० किलोमीटर झालेली गाडी आली, हीच तक्रार, आणि मालकाने आधी तीन ठिकाणी दाखवलेली. टेप लावून मोजलं तर सरळ चाकांवर ४० मिलिमीटर खेळ. म्हटलं बॉक्सच गेला बहुतेक. पण सवयीने स्टेअरिंग पाव फेरा डावीकडे नेऊन तिथे हलवून बघितलं तर तिथे एकदम घट्ट, खेळ जवळजवळ नाहीच. म्हणजे नेमकं उलटं! मधे घट्ट आणि बाजूला सैल असायला हवं, इथे मधे सैल आणि बाजूला घट्ट. मालकाला विचारलं कुणी स्टेअरिंग काढलं होतं का. तर म्हणे हो, अलाइनमेंटनंतर स्टेअरिंग तिरकं दिसत होतं म्हणून एकाने ते काढून दाते सरकवून सरळ बसवून दिलं. म्हणजे चाकं सरळ, स्टेअरिंग दिसायला सरळ, पण बॉक्स आतून पाव फेरा बाजूला, गाडी सगळा हायवे बॉक्सच्या सैल भागावर चालत होती. ड्रॅग लिंक सोडली, या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरे मोजले, बरोबर निम्म्यावर आणून बॉक्स मधोमध ठेवला, ड्रॅग लिंकची लांबी त्याप्रमाणे जमवली, स्टेअरिंग मूळ दात्यावर बसवलं, स्टेअरिंग अँगल सेन्सर (स्टेअरिंग किती फिरलंय ते मोजणारा) शून्य केला. खेळ १२ मिलिमीटर. एकही पार्ट बदलला नाही. स्टेअरिंग तिरकं असेल तर ते लिंकवर सरळ करायचं असतं, स्टेअरिंग काढून नाही, हे नियम म्हणून लक्षात ठेवा. एअरबॅगच्या गाडीत तर स्वतः स्टेअरिंग काढायच्या फंदात पडूच नका, आणि बॉक्सपासून सोडलेला स्टेअरिंग शाफ्ट मोकळा गरागरा फिरवूही नका, आतली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे एअरबॅगची गुंडाळलेली वायर, तुटते.

खेळ खरंच जास्त निघाला तर तो कुठे आहे ते शोधणं सोपं आहे, फक्त दोन माणसं लागतात. गाडी जमिनीवरच, हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये घालू नका, इंजिन चालू, चाकांना पुढे-मागे ठोकळे लावलेले. एकजण स्टेअरिंग भराभर थोडं डावी-उजवीकडे हलवतो, जेमतेम दहा-पंधरा अंश, आणि दुसरा खाली बॅटरी घेऊन एकेक जॉइंटवर हात ठेवत जातो. स्टेअरिंग शाफ्टचा खालचा जॉइंट, बॉक्स चॅसीवर जिथे बोल्टने धरलाय ती जागा, पिटमन आर्म (बॉक्समधून निघणारा लिव्हर), ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टाय रॉडची (दोन्ही चाकं वळवणाऱ्या दांड्याची) टोकं, ट्रॅक बारचे बोल्ट. डोळ्यापेक्षा हाताला लवकर कळतं, जिथे एक भाग हलतो आणि पुढचा थोडा उशिरा हलतो तिथे बोटाला टक् असं लागतं. नव्या गाडीत झिजलेला जॉइंट क्वचित, पण कमी आवळलेला बोल्ट अजिबात क्वचित नाही. रॅक असेल तर रॅकचे माउंटिंग बुश आणि आतले टाय रॉड एंड बघा. मग चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, वर-खाली पकडून हलवा, खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे पकडून हलवा, खेळ असेल तर टाय रॉड.

आता याच्या बरोबर उलटी गोष्ट, जी नव्या गाडीत जास्त सापडते आणि कुणी बघतच नाही: घट्टपणा. बॉल जॉइंट किंवा किंगपिन (चाक ज्यावर वळतं ते सांधे) कोरडा, ग्रीस नाही, किंवा स्टेअरिंग शाफ्टचा जॉइंट जाम. अशी गाडी शेवटी जिकडे वळवली तिकडचं लक्षात ठेवते. डावीकडे वळून सरळ आलात तर थोडी डावीकडेच सरकत राहते, उजवीकडून आलात तर उजवीकडे. तुम्ही म्हणता "कधी डावीकडे कधी उजवीकडे", त्यामुळे हे नक्की तपासा. मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात वळण घ्या आणि पकड ढिली करा, स्टेअरिंग हातातून सरकत स्वतः सरळ यायला हवं. शेवटचा पाव फेरा ते येतच नसेल तर एकतर कास्टर कमी आहे नाहीतर कुठेतरी घट्ट आहे. शाफ्टचा जॉइंट जाम असेल तर हळू फिरवताना एका फेऱ्यात दोन ठिकाणी जड आणि दोन ठिकाणी हलकं लागतं. ग्रीस निपल असतील तर ग्रीस मारून बघणं हा सगळ्यात स्वस्तातला उपाय, आधी तोच करा.

इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग असेल आणि लेन सांभाळणारी सिस्टिम असेल तर टेस्टच्या वेळी ती बंद करा. पट्ट्यांच्या मध्ये ठेवायला ती बारीक बारीक धक्के देते आणि नवीन माणसाला वाटतं गाडी भांडतेय. ती बंद केल्यावर त्रास गेला तर मेकॅनिकलच्या मागे लागायची गरजच नाही. न जाता तसाच राहिला तर स्कॅनर लावून अँगल सेन्सर सरळ चालताना शून्य दाखवतो का ते बघायला सांगा. अलाइनमेंटनंतर तो शून्य करायचा राहिला तर मोटर चुकीच्या जागेला मध्य समजून मदत करते.

डॅम्परचं एका वाक्यात, तो झटके शोषतो, दिशा देत नाही, त्यामुळे भटकणाऱ्या गाडीला त्याने स्टेअरिंग फक्त जड होईल आणि तुम्हाला दोन दिवस वाटेल बरं झालं.

आणि थोडं खरं बोलायचं तर तुमच्या वर्कशॉपवाल्याचं म्हणणं दहातल्या दोन वेळा बरोबरही असतं. कार चालवून पिकअपवर आलेल्या माणसाला लांब, उंच, रिकाम्या हौद्याची गाडी आडव्या वाऱ्यात हलते हे नवीन असतं, बॉक्सवाल्या स्टेअरिंगला मधोमध रॅकइतका धारदारपणा येत नाही, आणि घाबरून घट्ट धरलं की माणूसच जास्त सावरायला लागतो. हे ओळखायचा एकच मार्ग, त्याच मॉडेलची दुसरी गाडी, तेवढेच टायर, तेवढीच हवा, त्याच रस्त्यावर, त्याच दिवशी चालवून बघा. शोरूमची टेस्ट गाडी मागा. तीही तशीच भटकत असेल तर वाद वेगळा, ती सरळ जात असेल तर "असंच असतं" हे वाक्य तिथेच मेलं. आणि पुढच्या वेळी मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच वेगाला नेऊन दाखवा, जॉब कार्डवर वेग, रिकामी की भरलेली, हवा आणि खेळाचा आकडा लिहायला लावा. "ग्राहकाची तक्रार, स्टेअरिंग तपासणे" एवढंच लिहिलं असेल तर ते तपासतात, कपड्याने पुसतात आणि परत देतात.

मला पुढे सांगायचं झालं तर एवढं पाठवा: सकाळी थंड टायरची चारही चाकांची हवा आणि स्टिकरवरचे आकडे, टेप लावून मोजलेला खेळ सरळ चाकांवर आणि पाव फेरा डावी-उजवीकडे नेऊन, प्रिंटमधला दोन्ही बाजूंचा कास्टर आणि एकूण टो, त्रास रिकाम्या गाडीत होतो की भरलेल्या, आणि डिलिव्हरीनंतर गाडीत काय काय बसवून घेतलंय. मागे पाटा वाढवला असेल तर तेही लिहा, लपवू नका, मी रागावणार नाही.